मामांची शेताकडची चक्कर

मामा, तुम्ही गेल्यावर पेपरात तुमच्यावर जे छापून आलं, त्यात तुमची पलटण आली, सुभेदारकी आली, गावच्या पाणीसंस्थेतलं काम आलं, तालमीला दिलेली देणगीसुद्धा आली. मागच्या खोलीतला फ्रिज तेवढा आला नाही. येणार कसा? त्याच्याबद्दल लिहू शकेल असा माणूस अख्ख्या कुंडलमध्ये मी एकटाच, आणि तो मजकूर मीच लिहून दिला होता. विक्रम म्हणाला, "दाजी, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच लिवा." तुमचा मुलगा सुट्टी काढून सरहद्दीवरून आलेला, त्याला नाही कसं म्हणणार? लिहिलं. वर "निर्व्यसनी" असा एक शब्द घातला.

आठवड्यातनं एक-दोन ग्लास घेणाऱ्या माणसाला व्यसनी म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. पण मी तो शब्द खरा म्हणून घातलाच नव्हता. भांड्यावर झाकण ठेवतात तसा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पेपर हातात आला, तो शब्द बघितला आणि माझे कान गरम झाले. वर जिथं कुठं असाल तिथं तुम्ही पोट धरून हसला असाल, नाहीतर मिशीवर हात फिरवून मान वळवली असेल. म्हणून आता हे दुसरं लिहितोय. हे पेपराला द्यायचं नाही.

मी वाईचा. वडिलांचं घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान. आमच्याकडं दारू ही दुसऱ्यांच्या घरात असते आणि तिच्याबद्दल आवाज बारीक करून बोलायचं असतं. मी साताऱ्यात फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं, तुमची लेक सुरेखा करून घेतली, आणि लग्नापासून तुमच्यासमोर कधी सुपारीसुद्धा चघळली नाही. तुम्ही यायचा दिसलात की उठून उभा राहायचो. तुम्ही "बसा की जावईबापू" म्हणायचा, मी खुर्चीच्या कडेवर टेकायचो. सासऱ्यासमोर जावयानं कसं असावं याचा मी नमुना होतो. मित्रांबरोबर साताऱ्याबाहेरच्या ढाब्यावर बसून मी बीअर पीत होतो, ती गोष्ट वेगळी. ती तुम्हाला माहीत होती हीही गोष्ट वेगळी.

मग तुम्ही एक दिवस फोन केलात. जुना फ्रिज बिघडलाय, येऊन बघा. मी आलो. फ्रिजला धाड भरली नव्हती, मस्त गार करत होता. तुम्ही मागच्या खोलीचं दार ओढून घेतलंत आणि फ्रिजच्या दारावर बोटानं टकटक केलंत.

"ह्याला हितं भोक पाडता येतंय का?"

"भोक? कशाला, मामा?"

"नळ बसवायचा हाय."

"पाण्याचा?"

"पाण्याचाच म्हना." मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पठाणकोटला हुतो तवा आमच्या मेसमदी एक बॅरल असायचं. त्याला पितळी नळ. नळाचं ते ते न्यारंच. बाटलीतलं ते म्हंजी शिळी भाकरी."

"ते". दोन वर्षं आपण त्या गोष्टीला "ते" म्हणत राहिलो. बीअर हा शब्द तुमच्या-माझ्यामध्ये एकदाही उच्चारला गेला नाही. ते आणायचं, ते भरायचं, ते गार झालं का, त्याला फेस फार येतो. कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं हे सासरा-जावई एखाद्या आजारी जनावराबद्दल बोलतायत.

फ्रिजला भोक पाडणं माझ्या डाव्या हातचा मळ. प्रश्न होता टाकीचा. इंग्रजीत केग म्हणतात ती. मोठी केग मिळते, पण ती उचलायला पैलवान लागतो आणि आपल्या फ्रिजमध्ये मावत नाही. लहान केग मिळवायच्या म्हणजे परदेशातून मागवा. तुम्हाला परदेशाचं सांगायची माझी छाती नव्हती. मग धंद्यातल्या एकाकडून कळलं, सांगलीतल्या एका बंद पडलेल्या थिएटरचं सामान भंगारात आलंय. तिथं मध्यंतरात कोल्ड्रिंक द्यायचं मशीन होतं, आणि त्या मशीनला रंगीत पाकाच्या स्टीलच्या टाक्या जोडलेल्या असायच्या. उंच, अंगानं बारीक, डोक्याला आणि बुडाला काळं रबर, वर लांबट झाकण, बाजूला दोन तोट्या. एका तोटीतून गॅस आत, दुसरीतून माल बाहेर. अगदी हवी तीच वस्तू.

आपण माझ्या व्हॅनमधून गेलो. तुम्ही कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट घातलेला, डोक्यावर टोपी, जणू मुलगी बघायला निघालाय. भंगारवाल्यानं ढिगातून तीन टाक्या काढल्या, वाजवून दाखवल्या आणि विचारलं, "काका, ह्येचं काय करनार?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही क्षणभर सुद्धा थांबला नाहीत.

"औषध मारायला. द्राक्षाला."

मी मान डोलावली. मामा, तुमच्या रानात द्राक्षाचा एक वेल नव्हता. सगळा ऊस. पण भंगारवाल्यानं आदरानं दोन पावलं मागं घेतली आणि म्हणाला, "बागायतदार हाय व्हय, मग कमी करून देतो." परत येताना पलूसजवळ तुम्ही एकदम खो खो हसायला लागलात. तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मी पण हसलो, पण तोंडावर हात ठेवून.

त्या थापेनं आपला एक बळी घेतला, आठवतं? टाक्या उतरवून घेताना शेजारच्या हणमंतनं बघितलं. त्यालाही तुम्ही तेच सांगितलंत, फवारणीच्या टाक्या. हणमंतची खरोखरची द्राक्षबाग. पंधरा-वीस दिवसांनी तो दारात हजर. "सुभेदार, तुमची ती टाकी द्या की दोन दिस. माझा पंप बसलाय." मी त्या दिवशी तिथंच होतो, नळाचा पाइप बसवत. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. नको म्हणायला एकच कारण होतं आणि ते आपल्या दोघांच्याही तोंडून निघणार नव्हतं. धुऊन, उकळत्या पाण्यानं खंगाळून, वास काढून चकचकीत केलेली टाकी तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला उचलून दिलीत. त्यानं तिच्यात मोरचूद आणि चुना कालवला. दोन दिवसांनी परत आणून दिली तेव्हा ती आतून-बाहेरून निळी झाली होती. "धुतलीया बगा चांगली," हणमंत म्हणाला. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे तुलाच. तुला उपेगी पडती." तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "लाज लय महाग असती, जावईबापू." मी मान खाली घालून पाइपचे नट आवळत राहिलो.

राहिल्या दोन. ते आणायचं कुठून हे मी शोधून काढलं. पुण्यात बीअर तिथंच बनवून नळानं विकणारं एक हॉटेल होतं, ते रीतसर बिल करून आपली टाकी भरून द्यायचे. सुटे भाग आणायला मला पुण्याला जावं लागतंच. तिथला नळावरचा माणूस पहिल्यांदा माझी टाकी बघून म्हणाला, हिच्यात आधी कार्बनचा गॅस भरून हवा बाहेर काढा, टाकी बर्फात गार करा, मग तळातून सावकाश भरायचं, घाई केलीत तर अर्धी टाकी फेसच घरी न्याल. मी सगळं तसंच केलं. मग ओल्या गोणपाटात टाकी गुंडाळून, वर कॉम्प्रेसरचे खोके रचून निघायचो. बिल खिशात असायचं. तरी खंबाटकीचा घाट उतरताना मी चोरासारखा घामाघूम व्हायचो, आणि सुरूर फाट्यावर वाईचा रस्ता फुटायचा तिथं माझी मान आपोआप खाली जायची. वडिलांच्या दुकानातून कुणी बघतंय की काय! वाई फाट्यापासून बारा-तेरा किलोमीटर आत आहे, आणि वडील संध्याकाळी पाचनंतर दुकानाबाहेर पडत नाहीत.

साताऱ्यात न थांबता कराड, ताकारी करत कुंडलला यायचं. तुम्ही फाटकात उभे असायचात. हातात काठी, जणू सहज उभे आहात.

मामींना आपण सांगितलं होतं, हे सोडा मशीन आहे. त्यांना पित्ताचा त्रास, त्यांच्यासाठी म्हणून. खोटं दिसू नये म्हणून फ्रिजला दोन नळ बसवले, आणि एका टाकीत खरंच पाणी आणि गॅस भरून सोडा केला. मामी त्यातला पेलाभर सोडा लिंबू पिळून प्यायच्या आणि म्हणायच्या, "आवं, ह्या सोड्याला तुमा दोघास्नी लयच येळ लागतोय." तुम्ही खाकरायचात. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागायचो.

पहिल्यांदा टाकी जोडली तो दिवस मला नीट आठवतो, कारण तुमची ती शेताकडची चक्कर त्या दिवशी सुरू झाली. नळ उघडला, ग्लासात ते आलं, वर फेस. तुम्ही ग्लास भरून फ्रिजच्या डोक्यावर ठेवलात. मी उभा, तुम्ही उभे. आता चव कोण बघणार? तुम्ही माझ्यासमोर ग्लास तोंडाला लावणं शक्य होतं, मोठे होतात. पण मी तिथं उभा असताना एकट्यानंच कसं प्यायचं, आणि मला घ्या म्हणायचं तर मी घेणार नाही, हे तुम्ही जाणून होतात. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "मी जरा शेताकडं चक्कर टाकून येतो."

ग्लास तिथंच ठेवून निघून गेलात.

मी दार लोटलं आणि एका घोटात अर्धा केला, उरलेला मोरीत ओतला. ग्लास धुतला, पुसला, पालथा ठेवला. तुम्ही चक्कर मारून आलात, मी व्हॅनमधलं काहीतरी बघायला बाहेर गेलो, आणि मग तुमची पाळी. नंतर ओट्यावर बसल्यावर आपली चर्चा.

"त्याला संत्र्याचा वास येत असेल का हो, मामा?" मी विचारलं.

"येत आसंल," तुम्ही म्हणालात. "आपल्याला काय ठावं."

त्या टाक्यांच्या झाकणाच्या रबरात थिएटरमधल्या संत्र्याच्या कोल्ड्रिंकचा वास मुरलेला होता. कितीही धुतलं तरी जाईना. शेवटी मी सगळी रबरं नवी आणून बसवली. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "आता वास गेला आसंल." मी म्हणालो, "गेला असावा." आपण दोघांनी तोंड लावलेलं नव्हतंच ना! सगळं अंदाजानं.

एवढं झाल्यावर आपली भांडणंही अंदाजानंच व्हायची. तुम्हाला गॅसचा दाब जास्त हवा, वर दोन बोटं फेस हवा, आणि दात कळवळतील इतकं गार हवं. मेसमध्ये तसंच असायचं. मी म्हणायचो, इतकं गार केलं तर चव मरते. "चवीचं तुमाला कसं ठावं?" तुम्ही विचारायचात आणि भुवई वर करून माझ्याकडं बघायचात. मग मी पाइपचा विषय काढायचो. नळापर्यंतचा पाइप लांब केला, वेटोळं घालून ठेवला, की फेस आपोआप बसतो, दाब कमी करायची गरज नाही, असं मी वाचलं होतं. तुमचं म्हणणं, पाइप लांब म्हणजे पाइपातच निम्मं उरतं. वेटोळं बसवल्यावर फेस खरंच कमी झाला, पण तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत. म्हणायचात, "दिवस गार हाय म्हणून." तो वाद तसाच राहिला. आज तुमचं बरोबर होतं असं म्हणायला मी एका पायावर तयार आहे.

मामा, जावई म्हणून मला तुमच्या घरात मानपान भरपूर मिळाला. धोंड्याच्या महिन्यात वाण आलं, अनारसे आले, पायघड्या आल्या. पण तो मान जावयाला असतो, माणसाला नसतो. त्याच धोंड्याच्या जेवणानंतर तुम्ही मला मागच्या खोलीत नेलंत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड काचेचा दांडीवाला ग्लास दिलात. मेसमधला, तुम्ही निवृत्त होताना आणलेला. "ह्यो तुमचा. हिकडंच ठिवा." एवढंच. माझे वडील दुकानाच्या कामाशिवाय माझ्याबरोबर कधी कुठं गेले नाहीत. तुम्ही मला भंगारात घेऊन गेलात, माझ्याबरोबर थापा मारल्यात, फेसाच्या पाइपावरून हुज्जत घातलीत. चाळिशी उलटून गेल्यावर मला कुणीतरी जोडीदार म्हणून घेतलं. आणि मी त्या जोडीला काय दिलं? रिकाम्या खोलीत घाईघाईनं प्यालेले अर्धे ग्लास.

मी त्याला मर्यादा म्हणत होतो. वडीलधाऱ्यांसमोर डोळे वर करायचे नाहीत, ग्लास तर लांबच. पण खरं सांगतो, त्यात मर्यादा थोडी होती आणि भीती जास्त. कुंडलमध्ये कुणी म्हणालं असतं "जावई सासऱ्यासंगं बसतोय", तर ते ताकारीच्या स्टँडवरून साताऱ्याला गेलं असतं आणि तिथून वाईला. मला तुमच्याबद्दल आदर होता, पण लोकांच्या तोंडाला मी तुमच्यापेक्षा जास्त घाबरत होतो.

मग ती दुपार आली.

मामी आष्ट्याला लग्नाला गेल्या होत्या. मी टाकी पुन्हा भरून घेऊन आलो. तुम्ही त्या महिन्यात बारीक झाला होतात, धाप लागायची, पण डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायचात. मागच्या खोलीत शिरलो तर तुम्ही दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मध्ये स्टुलावर तळलेले पापड, भाजलेले शेंगदाणे, चिरलेला कांदा. फ्रिजवर तुमचा ग्लास आणि शेजारी माझा दांडीवाला. मी टाकी जोडली. तुम्ही स्वतः दोन्ही ग्लास भरलेत, फेस बसेपर्यंत थांबलात, पुन्हा भरलेत. मी वाट बघत होतो की तुम्ही टोपी सारखी करणार.

तुम्ही टोपी काढून खुंटीला लावलीत आणि खुर्चीवर बसलात.

"बसा, जावईबापू. आज म्या शेताकडं जात न्हाई."

तुम्ही माझा ग्लास माझ्यापुढं धरलेला. आणि मी काय म्हणालो?

"मी घेत नाही, मामा."

हे वाक्य माझ्याच तोंडून आलं. दोन वर्षं तुमच्या घरात प्यायलेला मी, तुमच्यासमोर उभं राहून म्हणालो, मी घेत नाही. तुम्ही खोटारडा म्हणून हसला असतात तरी चाललं असतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग ग्लास हळूच स्टुलावर ठेवलात. "बरं," म्हणालात. उठलात, टोपी घातलीत, काठी घेतलीत आणि शेताकडं गेलात. उन्हं अजून कडक होती. तुम्हाला धाप लागत होती आणि तुम्ही माझ्यामुळं उन्हात गेलात.

मी तिथं उभा राहिलो. ग्लासातला फेस विरला. मी दोन्ही ग्लास मोरीत ओतले. तुम्ही परतलात तेव्हा त्याला फेस कसा आला होता हे विचारलं नाहीत. "निघा आता, कराडला गर्दी हुती," एवढंच म्हणालात. फाटकापर्यंत आलात. मी गाडी सुरू करताना आरशात बघितलं तर तुम्ही तिथंच होतात.

पुढच्या खेपेला बसू, असं मी मनात म्हणत होतो. उंब्रजपर्यंत वाक्यही जुळवलं होतं. पुढची खेप आलीच नाही. थोड्याच दिवसांत सुरेखाला पहाटे फोन आला.

तेराव्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. विक्रमनं मागची खोली सामान ठेवायला उघडली, आणि पाच-सहा जण त्याच्यामागं आत. एकानं सोड्याचा नळ फिरवून बघितला, काही आलं नाही. विक्रमनं विचारलं, "दाजी, ह्यो काय प्रकार हाय?" सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मामी दारात होत्या. मला तेव्हा म्हणता आलं असतं की हे मी आणि मामांनी मिळून केलंय, दोन वर्षं खपून. आमची गोष्ट आहे ही.

"सोडा मशीन," मी म्हणालो. "मामींच्या पित्तासाठी."

विक्रमनं दार ओढून घेतलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत गेलो, फ्रिज बंद करून टाक्या साताऱ्याला न्याव्यात असा विचार होता. प्लगला हात घातला तोच मामी आत आल्या.

"ऱ्हाऊ द्या. भरल्याली हाय न्हवं टाकी?"

"सोडा संपलाय, मामी."

"सोड्याचं न्हाई इचारलं म्या."

मी प्लगवरचा हात काढला. मामी परत गेल्या आणि स्वयंपाकघरातले स्टीलचे दोन पेले घेऊन आल्या. खुर्ची न घेता उंबऱ्यावरच बसल्या.

"वता."

मी ओतलं. बरेच दिवस तो नळ उघडला नव्हता, निम्मा पेला फेसच आला. मी त्यांच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

"दुसरा कुनासाठी आणलाय? भरा आणि बसा."

"मामी, मी उभाच..."

"बसा म्हंते न्हवं."

मी बसलो. जमिनीवर, त्यांच्यासमोर. मामींनी पेल्यातल्या फेसाकडं बघितलं.

"त्या दिशी मी लग्नाला आपणहून गेले न्हवते," त्या म्हणाल्या. "पोरगी लांबच्या भावकीतली. त्येंनी धाडलं मला. म्हणले, तू घरात आसतीस तवर जावई बसायचा न्हाई. ये जाऊन आष्ट्याला. पापडबी सवता तळलं त्येंनी, निम्मं जाळलं. सांजच्याला मी परत आले न् इचारलं, बसले का जावईबापू? तर म्हणले, न्हाई. आन मग लय येळानं म्हणले, आपलंच चुकलं आसंल. जावयाला आसं म्हणाय नगं हुतं. आता त्यो परत यायचा न्हाई."

मामा, मी हे ऐकलं आणि मला वाटलं जमीन फाटावी. लाज मला वाटते, ती माझी आहे, असं मी समजत होतो. तुम्ही ती घेऊन गेलात. सुभेदार होतात, आयुष्यभर कुणासमोर मान खाली घातली नाहीत, आणि शेवटचे दिवस तुम्ही माझ्यापायी शरमेत काढलेत. एका जावयाला तुम्ही प्रेमानं बस म्हणालात आणि तो नाही म्हणाला, तर तुम्हाला वाटलं तुमचीच पायरी चुकली.

मामींनी पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं, पदरानं ओठ पुसले आणि पेल्यात वाकून पुन्हा बघितलं.

"एवढ्या कडू पाण्यापायी," त्या म्हणाल्या, "दोघं दोन वरसं एकमेकाला तोंड चुकवीत हुतासा?"

मी माझा पेला उचलला आणि त्यांच्या देखत प्यालो. तळापर्यंत. आभाळ कोसळलं नाही, मामींनी तोंड फिरवलं नाही, वाईहून कुणी धावत आलं नाही. तुम्ही म्हणायचात तसंच होतं, दात कळवळतील इतकं गार, आणि चांगलं होतं. मामी माझ्या डोळ्यांतलं पाणी बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या.

तुमचं काही चुकलं नव्हतं, मामा. त्या दुपारी समोरच्या खुर्चीवर बसलो असतो, तर हे सांगायची वेळच आली नसती.